अंगणातून घेतलेलं माप

प्रिय जिपारा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. इकडे अत-बाशीत बर्फ लवकर पडलं, तुझी तांबडी घोडी व्यायली, शिंगरू धडधाकट आहे. आईच्या वर्षाच्या जेवणाआधी तिच्या कबरीवर दगड उभा राहायला हवा आणि पाथरवटाला कोरायला चेहरा हवा, हे तू लिहिलंस ते बरोबरच आहे. पासपोर्टवरचा फोटो तिला कधीच आवडला नाही, हेही.

माझ्या प्रकाशमापकाची ती किती थट्टा करायची, आठवतं? अर्ध्या अंड्यासारखी त्याची पांढरी टोपी मी तिच्या हनुवटीखाली धरायचो, तिच्या तोंडावर किती उजेड पडतोय ते काट्यावर वाचायचो आणि मगच मागे जाऊन फोटो काढायचो. "फोटो काढतोस की ताप बघतोस?" म्हणायची. शेजारणीला सांगायची, "पेपरात काम करतो माझा मुलगा, पण अंडं लावल्याशिवाय त्याला आईचं तोंड दिसत नाही."

गेल्या ऑक्टोबरात ती क्षयाच्या इस्पितळातून घरी आली. आता तिच्यापासून कुणाला लागण होणार नाही, असं डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी नवा रुमाल बांधून ती पडवीत बसली. "काढ एक. जिपाराला पाठव, म्हणावं अजून बसता येतं." आभाळ घोंगडीसारखं पसरलं होतं, अंगणात कशाचीच सावली पडत नव्हती. मी अंगणाच्या मधोमध उभा राहून माप घेतलं. "इकडे ये ना, धर तुझं अंडं," ती म्हणाली. मी म्हटलं, "असा उजेड सगळीकडे सारखाच असतो, आई. इथूनच होतंय." तेवढ्यात तिला खोकला आला. तो थांबल्यावर म्हणाली, "बरं बाबा, साहेबांना घाई आहे."

अंगणात ते खरं होतं. पडवीच्या छताखाली नव्हतं. अठरा वर्षं हेच काम करतोय, मला हे माहीत नव्हतं असं नाही. सहाच्या सहा फोटोंत छताखाली काळोख उतरला. ती गेल्यावर मी तुला सांगितलं, की फिल्म धुवायचं रसायन शिळं निघालं. तू भर माणसांत दुकानदाराला शिव्या घातल्यास आणि मी खाली मान घालून चहा पीत राहिलो.

रसायन ताजं होतं, जिपारा. मी तिच्या खोकल्याला घाबरलो होतो. उद्याच्या बसने फिल्मची पट्टी पाठवतोय, दगडावर काय कोरायचं ते तूच ठरव. कितीही उजळून पाहिलं तरी तिचं तोंड येत नाही. पहिल्या फोटोत फक्त तिचा उजवा हात आलाय. मला जवळ बोलावताना तो छताबाहेर आला होता. त्याच्या शिरा, अंगठी, बोटावरचा भाजल्याचा डाग, सगळं स्वच्छ दिसतं. माझं माप तेवढ्या हातापुरतं बरोबर होतं.

तुझाच भाऊ,
सुयुनबेक