शीलाचा हिरवा कोट

हर्नडन, व्हर्जिनिया, रविवार संध्याकाळ

आज इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये माझ्या नव्या कथासंग्रहाचं टेबल लावलं. मुलगी प्रमोशनसाठी व्हिडिओ काढत होती. "आई, स्माइल कर ना." केलं. फारसं कुणी थांबलं नाही, त्याचंही काही वाटलं नाही.

मग माझी जुनी शेजारीण शीला आली. उभ्याउभ्याच एक कथा वाचली: नवऱ्याचा हिरवा कोट घालून, बर्फात घर सोडून निघालेल्या बाईची. नाव मी बदललं होतं. कोट का नाही बदलला?

"ही मीच ना?"

"हो. तुला विचारायला हवं होतं."

"हवंच होतं." मग पुस्तक हातात धरूनच ती माझ्या मुलीला म्हणाली, "व्हिडिओ चालू ठेव. हे मी वाचते."

वाचताना बाईच्या जागी तिने स्वतःचं नाव घेतलं. माझ्याकडे बघितलंही नाही.