आमची तुसडी

सोमवार, ७ जुलै

नावाड्याच्या धड्यावरच्या उत्तराला दहापैकी तीन! गाइडमधलं जसंच्या तसं उतरवलं होतं — 'नावाडी गर्विष्ठ व माणूसघाणा आहे.' बाईंनी लाल शाईत विचारलंय, 'कशावरून?' कशावरून म्हणजे? अख्ख्या धड्यात तो कुणाशी धड बोलत नाही!

बाई म्हणाल्या, "विशेषण हे तुमचं मत झालं. शेजारी पुरावा हवा." मग धडा पुन्हा वाचायला लावला. नावेत माणसं चढताना नावाडी गप्प होतो आणि त्याची बोटं हलतात. तो माणसं मोजत असतो! शेवटच्या पानावर अर्ध्या ओळीत येतं, की एकदा त्याची मोजणी चुकली होती. एक मूल कमी भरलं होतं. ती ओळ मी चारदा तरी वाचली असेन. दिसली आज.

मंगळवार, ८ जुलै

गृहपाठ — घरातल्या एका माणसाचं व्यक्तिचित्र, पुराव्यासकट. शनिवारी वर्गात वाचायचं.

मी आत्या घेतली. विशेषण आयतंच आहे — तुसडी. बाबांची ही बहीण बस आगारात चौकशीच्या खिडकीत बसते. ती दारात दिसली, की मी आईला हळूच सांगते, "आली बघ आमची तुसडी." आई हसू दाबते. "वन्सं ऐकतील हं!" पण ऐकलं असं कधी वाटलं नाही.

बुधवार, ९ जुलै

पुरावे भराभर सापडतायत. स्वयंपाकघरातून हाक मारली तर ओ देत नाही. "पुटपुटू नकोस, नीट बोल" म्हणून खेकसते. जेवताना शेजारी कुणी बसलं, की ताट उचलून समोर जाते आणि सगळ्यांच्या तोंडाकडे टकामका बघत बसते. शेजार नको म्हणजे कमालच!

एक पुरावा मात्र कुठेच बसत नाही. माझ्या दप्तराचा तुटलेला बंद कुणीतरी शिवून ठेवलाय. मी सांगितलंही नव्हतं. आई म्हणते, "मी नाही बाई. वन्सं असतील."

गुरुवार, १० जुलै

शाळा लवकर सुटली. सरळ आगारात गेले, पुरावा गोळा करायला.

आत्याच्या खिडकीला जाड काच, खाली हात जाईल एवढी फट. बाहेर इंजिनांची घरघर. एक आजोबा नाकातोंडावर रुमाल धरून काहीतरी विचारत होते. आत्या म्हणाली, "आधी रुमाल काढा." आजोबा भडकले, "केवढा तोरा!" पण काढला. पुन्हा विचारलं, आणि हिने फटकन गाडी सांगितली, वेळ सांगितली, फलाटही सांगितला.

मी मागच्या दाराने आत गेले. "आत्या!" तीनदा हाक मारली, तिसऱ्यांदा तर बेंबीच्या देठापासून. मान वळली नाही. शेवटी खांद्याला हात लावला तर केवढी दचकली! म्हणाली, "मांजरीसारखी काय येतेस गं?"

मी, आणि मांजरीसारखी!

सगळे पुरावे तेच राहिले. विशेषणच चुकलं. तिला ऐकू येत नाही.

शुक्रवार, ११ जुलै

गच्चीवर कपडे वाळत घालताना तिच्या समोर उभं राहून विचारलं. ती बराच वेळ एकच टॉवेल झटकत राहिली.

"तीन वर्षं झाली. डावा कान पार गेला, उजवा नावापुरता. आगारात कळलं तर खिडकी जाईल माझी. कुणाला बोलू नकोस, ठमे."

"मग लोकांचं कळतं कसं?"

"ओठ वाचते." सांगताना ऐट होती हं चेहऱ्यावर! "काचेमागे बसून बसून शिकले. दाट मिशा असल्या की तेवढी पंचाईत होते."

वर्गात आत्या वाचायची नाही. बाबांवर लिहिते. बाबा सोपे आहेत, मिशाही नाहीत.

लिहायला बसले आणि एकदम लक्षात आलं. ओठ वाचते! म्हणजे इतकी वर्षं ती दारात उभी, मी समोर, आणि माझं तोंड तिच्याकडे...

शनिवार, १२ जुलै

बाबांना सात गुण.

माफी मागायला गेले. वाक्य पाठ केलं होतं. मी तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली, "एक विचारू? मी आले, की तू वहिनीला सांगतेस ना, 'आली बघ आमची दुसरी' — म्हणजे दुसरी आई, असंच ना? कधी बोलले नाही गं. पण फार बरं वाटतं."

एवढं बोलून तिने लाजून मान खाली घातली. तिच्यामागे कपाटाचा आरसा होता. दोन्ही शब्द मी आवाज न करता म्हणून बघितले. तुसडी. दुसरी. ओठ अगदी सारखे हलतात.

मग तिच्या समोर नीट उभी राहिले आणि सावकाश म्हणाले, "हो."