अकरा नंबर उजेडात आला

३ जून
बायको माहेरी गेली. म्हणाली, तुमच्या तोंडाला कुलूप, मी काय भिंतींशी बोलू? येईल आठवड्याभरात. संकल्प: रोज फोन करायचा. आज नको. पहिल्याच दिवशी केला तर डोक्यावर बसेल.

५ जून
लॅबमध्ये भीती घालवणारं नवं औषध आलंय. पेटीचा अर्धा भाग अंधारा, अर्ध्या भागात दिवा. घाबरट उंदीर अंधारात दडतो. औषध लागू पडलं की उजेडात येतो म्हणे. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, ते फक्त मॅडमना ठाऊक. मी फक्त टोचायचं आणि बघायचं. पण माझी नजर घारीची, मला कळणारच.
फोन राहिला. बोटं दुखत होती.

८ जून, संध्याकाळ
अकरा नंबर फारच भित्रा. कोपऱ्यात अंग चोरून बसतो. सगळे गेल्यावर त्याला म्हटलं, काय रे बाबा, कुणी बोललं का तुला? विनाकारण हाताळायचं नाही असा नियम आहे. हाताळला नाही. फक्त मांडीवर घेतला.

१२ जून
मेहुण्याचा फोन. ताई विचारतेय, वेळेवर जेवता ना? म्हटलं, झकास. (पाव. उभ्याउभ्या.) फोन तिच्याकडे देत होता, मी म्हटलं, राहू दे, कामात आहे. खोटं नाही. अकरा नंबरला आमच्या पहिल्या भाड्याच्या खोलीची गोष्ट सांगत होतो. छत गळायचं आणि ती हसायची, तिथवर आलो होतो.

१७ जून
अकरा नंबर उजेडात! दिव्याखाली बसून मिशा साफ करत होता. छातीठोकपणे लिहितो, औषध रामबाण आहे. बाजारात आलं की बायकोसाठी आणणार. तिचंच मन थाऱ्यावर नाही.
फोन उद्या नक्की.

२१ जून
मॅडमनी यादी उघडली. अकरा नंबरला रोज मिठाचं पाणीच होतं. औषधवाले बहुतेक सगळे अंधारात. याला तुम्ही काय केलंत, त्यांनी विचारलं. काही नाही, संध्याकाळी जरा बोलत बसायचो. त्या म्हणाल्या, प्रयोग बाद.
प्रयोग संपला की उंदरांनाही संपवायचं. घरी नेऊ का, विचारलं. नियमात बसत नाही म्हणाल्या. ते कामही माझंच. पिंजरा उघडला तर तो आपणहून तळहातावर आला.

२२ जून
सकाळी बायको आली. उरलेले कपडे न्यायला. तिला सगळं सांगायचं ठरवलं होतं. अकरा नंबर, ती खोली, तिच्यावाचून घर खायला उठतं ते. बॅग भरून ती दारात थांबली. म्हणाली, काही बोलायचंय का?
मी म्हटलं, इस्त्री राहिली तुझी.
ती इस्त्री घेऊन गेली.
दार लावून खूप रडलो. संध्याकाळी लॅबमध्ये गेलो, रिकाम्या पिंजऱ्यापाशी बसलो आणि तिला सांगायचं होतं ते सगळं सांगितलं. अगदी नीट जमलं.