उंच खुर्ची

प्रिय गझाला,

फोनवर मी तो विषय काढला की तू 'आपा, ठेवते' म्हणतेस. म्हणून कागद घेतला. आधी पुरतं वाच, मग काय रागवायचं ते रागव.

दारव्ह्यात शिवणकाम करणाऱ्या आम्ही दोघी आरिफा. लोक मला 'जाडी आरिफा' म्हणूनच ओळखायचे. दिवसभर मशीनवर बसायचं, चहासोबत काहीतरी तळलेलं खायचं, आणि उठताना टेबल धरायचं. गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतल्या शाळेत बायांसाठी फुकट व्यायाम सुरू झाला आणि मी नाव दिलं. रजनी मॅडम शिकवतात. आधी प्रत्येकीचं बीपी बघतात, गुडघे तपासतात, मगच काय करायचं ते सांगतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला फक्त खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितलं. जमलं नाही. बाया हसल्या, मीही हसले, आणि घरी येऊन मशीनवर डोकं टेकून रडले. दुसऱ्या दिवशी गेलेच नाही, तर मॅडम स्वतः दारात हजर. म्हणाल्या, 'तुमच्यासाठी उंच खुर्ची आणली, चला.'

मग चुकवलं नाही. तुझे भावजी जफर गॅरेजमधून आले की म्हणायचे, 'मी दिवसभर इंजिनं उतरवतो, तरी मले एवढा घाम येत नाही. कायले जीव काढून राह्यली?' कारण कळल्यावर मात्र त्यांनी घरात भजी आणणं बंद केलं. मध्ये वजनाचा काटा हलेनाच. मी सोडायला निघाले, तेव्हा मॅडमनी विचारलं, 'कोणासाठी करून राह्यल्या, ते तरी सांगा.' मी खुर्ची ओढली आणि पुन्हा उठबस सुरू केली. तुझं नाव घेतलं असतं तर तिथेच रडू फुटलं असतं.

आता मी जमिनीवर मांडी घालून बसते आणि कशालाही न धरता उठते. मॅडम नव्या बायांना माझ्याकडे पाठवतात. यवतमाळला तुझ्या डायलिसिसच्या वेळी मी मुद्दाम ढगळ कुडते घालून यायचे. तुला कळलं असतं, तर तू मला थांबवलं असतंस.

गेल्या वर्षी नागपूरचे डॉक्टर म्हणाले होते, सगळं जुळतं, पण बहिणीचं वजन फार आहे, तिच्याच जिवाला धोका. परतताना तू म्हणालीस, 'बरं झालं आपा, मले तुझी किडनी नकोच होती,' आणि कळंब येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसलीस. या आठवड्यात मी सगळ्या तपासण्या पुन्हा करून आले, गझाला. डॉक्टर हो म्हणाले. उपकार करते असं समजू नकोस. हे शरीर मी घाम गाळून कमावलंय, त्यातलं काय कोणाला द्यायचं ते मीच ठरवणार. बुधवारी जफर गाडी घेऊन कळंबला येतील. कपडे भरून ठेव.

तुझीच,
आरिफा आपा