दोन चौकोन, एक वीत

चिंचपाडा रोड, कल्याण पूर्व
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५, सकाळचे सात

चि. मृणालला बाबांचा सप्रेम जय भीम.

आम्ही दोघं बरे आहोत. थंडीने आईचा गुडघा धरतो, पण जिना चढते-उतरते. तू आणून दिलेलं ब्लड प्रेशरचं मशीन ती रोज सकाळी माझ्या दंडाला बांधते. आकडा जास्त येतो, मग ती भाजीतलं मीठ कमी करते. मिठाचा काही दोष नाही.

महिनाभर तू माझा फोन उचलत नाहीस. मी तुझ्या जागी असतो तर मीही उचलला नसता. म्हणून लिहितो आहे. शिवाय तोंडाने सांगायला गेलो तर भाषण होईल. तीस वर्षं कामगारांसमोर बोलून जिभेला ती खोड लागली आहे. कागदावर टाळ्या पडत नाहीत, तेवढंच बरं.

आधी महत्त्वाचं. परवा रविवारी त्या टॉवरच्या पार्किंगमध्ये मांडव घालून चाव्या वाटणार आहेत. तुझ्या मैत्रिणीने, रचनाने, तिथे घर घेतलं आहे आणि तिच्या दोन्ही मुलांना घेऊन तू जाणार आहेस, असं आई म्हणाली. जाऊ नकोस. रचनालाही जाऊ देऊ नकोस.

का, हे लिहिताना तीन पानं फाडली. हे चौथं.

पार्किंगच्या छतावर आता बाग करतायत. सोमवारपासून मातीचे डंपर येतायत. मी रोज जातो. वॉचमन सुदेश ओळखीचा आहे, सोडतो. काल म्हणाला, "काका, रोज रोज काय बघताय? फ्लॅट घेताय काय?" मी म्हटलं, "परवडत नाही रे, म्हणून नुसता बघतो." तो हसला. मी आत जाऊन तिसऱ्या खांबापाशी उभा राहिलो आणि वर पाहिलं.

तिथे छताला चीर आहे. मंगळवारी केसासारखी होती. आम्ही गवंडी चिरेवर प्लास्टरची टिकली लावतो, तुला लहानपणी दाखवलं होतं. चीर थांबलेली असेल तर टिकली अखंड राहते. बुधवारी मी तीन लावल्या. काल पाहिलं तर तिन्ही तुटलेल्या. आणि वर डंपर रिकामा होत होता. माती पडल्याचा आवाज खाली येतो, मृणाल. कुणीतरी जड माणूस अंथरुणावर पडावा तसा. लाठीचार्जमध्ये मी पळालो नव्हतो. काल पळायचं होतं आणि पळताही येईना.

दर्शन नावाचा तिथला इंजिनियर भेटला. त्याला म्हटलं, "साहेब, दोन दिवस माती थांबवा."

"का हो काका, युनियनची नवीन डिमांड? मातीला पण वीकली ऑफ?"

"चीर हलतेय."

"प्लास्टरची आहे ती. तुम्ही दर महिन्याला काहीतरी पडणारच म्हणून सांगता. एकदा पाडून तरी दाखवा."

आजूबाजूचे हसले. त्याचं चुकलं नाही. मी इतक्या वेळा ओरडलोय की माझं ओरडणं आता रस्त्यावरच्या हॉर्नसारखं झालंय. चीर का हलते ते सांगितलं असतं तर त्याने ऐकलं असतं. ते मी सांगितलं नाही. हात जोडून बाहेर आलो.

आता सांगतो.

तुला आठवतं, मार्चमध्ये घरी आली होतीस आणि स्वयंपाकघरात फरशीवर दोन स्टीलचे डबे मांडून मला तुझं यंत्र समजावलं होतंस? खांबांवर काळे-पांढरे चौकोन चिकटवायचे. यंत्र ते पाहून आपण कुठे उभं आहोत ते ओळखतं आणि नकाशाप्रमाणे छताला भोक पाडतं. मी विचारलं, "एखादा चौकोन सरकला तर?" तू म्हणालीस, "एक सरकला तर त्याला संशय येतो, ते थांबतं. दोन्ही सारखेच सरकले तर मात्र त्याला कळणार नाही. पण तसं कोण करेल, बाबा?" आणि माझा उजवा खांदा चोळून दिलास. वर्षभर छताला ड्रिल धरून गेलेला खांदा. त्या खांद्यासाठीच तू हे यंत्र केलंस, हे मला माहीत होतं.

सात ऑक्टोबरला त्याच पार्किंगमध्ये युनियनसमोर यंत्राची चाचणी ठेवली होती. अकरा वाजता सगळे चहाला गेले. मी मागे राहिलो. दोन्ही चौकोन काढले आणि एक-एक वीत डावीकडे लावले. सूत न चुकवता लावले, हात गवंड्याचा आहे. दुसऱ्याच्या खुणेला हात लावायचा नाही, हे मला माझ्या वस्तादाने पहिल्या दिवशी शिकवलं होतं. चाळीस वर्षं मी तो शब्द पाळला, आणि मोडला तो तुझ्याच खुणेवर.

मला एवढंच हवं होतं की भोकं चुकावीत आणि ड्रिल धरणाऱ्या चाळीस माणसांची रोजी टिकावी. स्लॅबच्या पोटात भार पेलणाऱ्या ताणलेल्या तारा आहेत आणि तुझ्या नकाशात प्रत्येक भोक त्या तारा चुकवून काढलेलं आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आलं ते सगळे परत येऊन यंत्र चालू झाल्यावर. पांढऱ्या भुकटीबरोबर चकाकता लोखंडाचा कीस माझ्या बाहीवर पडला. पहिल्या ओळीतलं सातवं, आठवं आणि पंधरावं भोक. मला तेव्हाच ओरडता आलं असतं. साधी सळई असेल, अशी मी समजूत घातली. सळईचा कीस आणि तारेचा कीस यातला फरक मला कळत नाही, असं मी त्या दिवशी ठरवून टाकलं.

ओळ पुरी झाली तेव्हा ती चुकलेली सगळ्यांना दिसली. त्या गोंधळात मी चौकोन जागेवर लावले. संध्याकाळी मोठे साहेब येणार म्हणून कंत्राटदाराने दुपारीच भोकं बुजवून वर रंग मारला. तू उघडून दाखवा म्हणत राहिलीस, कुणी ऐकलं नाही. आणि मी गेटवर उभा राहून बोललो. "यंत्राला बाप नसतो, आणि ज्यांनी ते बनवलं ते आपल्या बापाचे हात विसरले." सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. खूप टाळ्या पडल्या.

तुला कामावरून बाजूला केलं. आई सांगायची, पोरगी अकरा दिवस नीट जेवली नाही, प्रोग्राममधली चूक शोधत बसली आहे. मी ऐकायचो आणि भात कालवायचो.

माझं म्हणणं आजही तेच आहे. ज्या हातांनी हे शहर उभं केलं त्यांना न विचारता यंत्र आणलं तर तो अन्याय आहे. पण त्या खऱ्या म्हणण्याला मी खोटा पुरावा जोडला.

परवा दगडूला सगळं सांगितलं, इतकी वर्षं बरोबर काम केलंय म्हणून. तो म्हणाला, "भगवानदादा, गप बसा. तुम्ही तोंड उघडलं तर उद्या एकालाही गेटच्या आत घेणार नाहीत. छप्पर काय, बसेल आपोआप." मला धीर आला. काल कळलं, त्याने आपल्या बायकोचं त्या पार्किंगमध्ये झाडायला जाणं बंद केलंय.

तीनशे माणसं येतील, मृणाल. खुर्च्या नेमक्या त्या ओळीखाली मांडणार आहेत. मी डोळे मिटले की खुर्च्या दिसतात.

आता साडेआठ झाले. हे पत्र घेऊन आई तुझ्याकडे वागळे इस्टेटला निघते आहे. तिला मी आत्ताच, चपला घालताना सांगितलं. ती पिशवी घेऊन, माझ्याकडे न बघता, बाहेर जाऊन उभी राहिली. मी शेवटच्या ओळी लिहीपर्यंत थांबली आहे.

दहा वाजता मी गेटवर कामगारांसमोर हे सगळं सांगणार आहे आणि तिथून पोलीस चौकीत जाणार आहे. मला फार भीती वाटते. लोक मारतील याची नाही, ते मारतीलच. भीती याची की त्यांना हेही माझं भाषणच वाटेल आणि डंपर चालू राहतील. म्हणून तू तारांचा नकाशा घेऊन ये. पार्किंगमध्ये पाऊल टाकू नकोस, बाहेरूनच सांग. सात, आठ, पंधरा. डावीकडे एक वीत. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवणार नाहीत, तुझ्या नकाशावर ठेवतील.

क्षमा मागत नाही. ती मागायला निवांतपणा लागतो, आणि आज तो नाही.

हे पत्र पोलिसांना दाखव, तुझ्या कंपनीलाही दाखव. तुझ्या प्रोग्राममध्ये चूक नव्हती. पुरावा म्हणून उपयोगी पडावं, म्हणून खाली 'तुझा बाबा' लिहीत नाही. पूर्ण नाव लिहून सही करतो.

भगवान सखाराम रोकडे
गवंडी, वय ६४