रिंगांच्या मशीनचा पहिला घोट

एल आल्तो, गुरुवार

तीर्थरूप हिलारियाताईस,

धाकट्या तेओदोसियोचा वाकून (कमरेतून, खांद्यातून आता वाकवत नाही) नमस्कार. ओरुरोत थंडी कशी आहे? वाळवणासाठी अंगणात पसरलेले बटाटे रात्रीच्या थंडीत नीट गोठले का? भावजींचा खोकला थांबला, की अजून शेजाऱ्यांना जागवतात?

मी ठीक आहे असं लिहिणार होतो, पण ठीक आहे की नाही हेच मला कळेनासं झालंय. माझा उजवा खांदा तुला माहीत आहेच. जन्मभर सळया वाकवून त्याची अशी वाट लागली आहे की टोपी घालायची तर डोकं टोपीकडे न्यावं लागतं. म्हणून मालकीणबाई दोन्या एदुविहिस यांच्या इमारतीवर (खाली दुकानं, मध्ये लग्नाचा हॉल, वर स्वतः बाई, रंग पोपटी) रिंगांचं मशीन आलं, तेव्हा मी खरंच रडलो. एका बाजूने सळई घालायची, आकडा दाबायचा, दुसऱ्या बाजूने कॉलमच्या चौकोनी रिंगा टपाटप बाहेर. इंजिनिअरबाई हिमेना म्हणाल्या, जमलं तर मशीन तुमच्या ताब्यात, नाहीतर परत पाठवू आणि पुन्हा हाताने दांडा ओढायचा.

आता तूच सांग, नवी वस्तू आली की पहिला घोट धरणीमाय पाचामामाला, हे काय मी काढलं? मिनीबस आणली तर चाकांवर आणि बॉनेटवर बिअर ओततात, घर बांधलं तर चार कोपऱ्यांत. या मशीनला चाक नाही, बॉनेट नाही, आणि कोपरे तर मोजून संपेनात. जमिनीवर ओतावी तर खाली सिमेंटचा कोबा, मायपर्यंत पोचणार कशी? शेवटी जिथे दिवे लुकलुकत होते तिथेच त्याचा जीव असणार असं धरून मी डोळे मिटले, आईबापांचं नाव घेतलं आणि अख्खी बाटली रिकामी केली.

 मशीनने ढेकर दिल्यासारखं काहीतरी केलं आणि ते रिंगा टाकायला लागलं. त्रिकोणी! आमची गवंडीण कासिमिरा पोट धरून हसली. "अहो दादा, पाजायची होती पाचामामाला, तुम्ही पाजलीत मशीनला!" बंद करायला गेलो तर बंद होईना, ढीग लागला. इंजिनिअरबाई मला काय काय बोलल्या ते लिहीत नाही (अर्धं कळलंच नाही, शिकलेल्या शिव्या होत्या).

मी खाली मान घालून उभा, तेवढ्यात मालकीणबाई घागरा सावरत आल्या. एक त्रिकोण उचलून उजेडात धरला आणि म्हणाल्या, "कॉलम असेच करा. समोरच्या इमारतीवाल्या भवानीकडे नुसते गोल आहेत."

"बाई, नकाशा चौकोनी आहे."

"मग नकाशा बदला. इमारत नकाशाची आहे का माझी?"

झालं, नकाशा बदलला. तोवर मेकॅनिकने येऊन मशीनची दिव्यांची पेटी उघडली, पुसली, आणि मशीन शुद्धीवर आलं. आता पुन्हा चौकोन! मेकॅनिक म्हणतो, या मशीनला त्रिकोण येतच नाही, आधी आला कसा ते देवाला ठाऊक. म्हणजे बघ ताई, मशीन बिघडलं होतं तेव्हा कामाचं होतं, दुरुस्त झालं तर निकामी ठरलं. सोमवारी ते परत जाणार आणि सगळे त्रिकोण मी हाताने वाकवायचे. खांद्याला आत्तापासूनच शेक देत बसलोय. चूक माझी, मायची की मालकीणबाईंची, मला काही म्हणजे काही उलगडत नाही.

मुलांना पापे.

तुझा भांबावलेला भाऊ,
तेओदोसियो

ता. क. काम काही नव्हतं, सहज लिहिलं. पण रविवारी, मशीन परत जायच्या आत, येऊन जातेस का? पहिला घोट द्यावा तर तुझ्याच हाताने, असं तुमची सगळी गल्ली म्हणते. मी नेमकी कुठून ओतली ते मला आठवत नाही, डोळे मिटलेले होते.

आणखी ता. क. इंजिनिअरबाईंना कळू देऊ नकोस असं लिहिणार होतो, पण त्याच आत्ता हळूच विचारून गेल्या, "ताई कधी येणार?" गाडीभाडं त्या देणार आहेत. कागदोपत्री तू 'ओरुरोहून आलेली तंत्रज्ञ' असशील. मी बाटलीला हातही लावायचा नाही म्हणाल्या. ते काम तज्ज्ञांनीच करायचं असतं.