उजवीकडची जागा

टर्नर्स वेल, टेक्सास
२ जून

ती. वर्ना आत्यास,
कोल्बीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला म्हणून आधीच रागावली असशील. इतकी वर्षं लोकांच्या पेट्यांत टपाल टाकलं, आता कुणीतरी माझ्या पेटीत टाका, असं म्हणून तू फोन उचलत नाहीस. आईला हे पटतं. मला कठीण जातं, कारण कच्चं लिहून तपासल्याशिवाय माझ्याच्याने पत्र पाकिटात घालवत नाही.

मुद्द्याचं लिहितो. टॅलीला जानेवारीत सोळा पूर्ण होतील. तोवर गाडीचा परवाना तिच्या हातात हवाच. नव्या वर्षापासून मला फीडयार्डात पहाटेची पाळी आहे, आणि गुरं काही खाद्यासाठी माझ्या बहिणीची शाळा भरेपर्यंत थांबणार नाहीत. आई वृद्धाश्रमातली रात्रपाळी करून घरी येते तेव्हा शाळा कधीच भरलेली असते. आमच्या रस्त्याला बस नाही. बाबा गेले, आई हॉस्पिटलात होती आणि मला सोडायला कुणी नव्हतं, म्हणून माझी अकरावी अर्ध्यावर सुटली ती सुटलीच. टॅलीची मी सुटू देणार नाही. शिकाऊ परवाना सहा महिने वापरल्याशिवाय पुढचा मिळत नाही, म्हणजे अभ्यासक्रम आत्ताच सुरू व्हायला पाहिजे.

पण कोणता? इंटरनेटवरचे सगळे मी अटींसकट वाचले आणि माझं डोकं फिरलं. एक म्हणतो खास टेक्सासच्या मुलांसाठी, आणि पहिल्याच धड्यात विचारतो की ट्राम थांबली असताना प्रवाशांना वाट कशी द्याल. आत्या, इथे ट्राम! दुसऱ्यात टोपी घातलेलं एक घुबड आहे. उत्तर चुकलं की ते डोळ्यांवर पंख धरतं. तिसऱ्यात प्रत्येक पानाला घड्याळ लावलेलं आहे. टॅली भराभर वाचून नखं रंगवत बसते, कारण वेळ संपेपर्यंत पान उलटत नाही. आणि बसून राहिली तर तू आहेस की गेलीस असं विचारून तिला बाहेर काढतात. मदतीला ब्रॅड नावाचा कुणी आहे. त्याला विचारलं की मुलीच्या शेजारी कुणी बसायचं, तर म्हणाला की तुमचा प्रश्न आम्हाला मोलाचा वाटतो. पुन्हा विचारलं तर पुन्हा मोलाचा वाटला.

खरी अडचण तीच आहे. धडे संगणकावर झाले तरी रस्त्यावर शेजारी मोठं माणूस लागतं. अमरिलोच्या शिकवणीवाल्यांकडे नाताळ उलटेपर्यंत जागा नाही. मी पंचवीसचा नाही, म्हणून मला चालत नाही. तुझं नाव घातलं असतं, पण डोळ्यांमुळे तुझा परवाना परत घेतलाय, ते दुःख मी उकरत नाही. राहिली आई. ती स्वतः उत्तम चालवते, पण दुसऱ्याच्या शेजारी बसत नाही, तुला माहीत आहे. त्या हॉब्सनच्या पोराने धान्याचा ट्रक आपल्या गाडीवर घातला तेव्हा बाबा चालवत होते आणि ती त्याच जागेवर होती. चर्चच्या बायकांनी घरी सोडलं तरी ती मागे बसते. ती म्हणते अमरिलो, नाहीतर टॅलीने लबकला मावशीकडे राहून शिकावं. हे ऐकून टॅलीने दार असं आपटलं की भिंतीवरची फोटोची चौकट खाली आली.

तूच सांग काय करू. राग आला तर येऊ दे, पण माया आटू देऊ नकोस.

तुझा,
कोल्बी


बक क्रीक
९ जून

चि. कोल्बीस,
अ. उ. आ. आणि एक धपाटा.

घुबड! मी दोनदा वाचलं, मला वाटलं तुझं अक्षर बिघडलं. पोरांना गाडी शिकवायला आता घुबड लागतं? आपल्या घरात दहाव्या वर्षी उशीवर बसवून कुरणातल्या ट्रकचं स्टिअरिंग हातात देत. मागून तुझे आजोबा गवताचे भारे टाकत आणि ओरडत, की गाय चुकव, तिचे पैसे पडलेत. तो आमचा अभ्यासक्रम. त्यातून तुझा बाप शिकला आणि या परगण्यात त्याच्यासारखी गाडी कुणी चालवत नव्हतं.

माझे डोळे म्हणशील तर ते तपासणारं पोरटं दाढी न फुटलेलं होतं. अक्षरं मुंगीएवढी लावायची आणि वाच म्हणायचं. माझ्या वाटेवरची प्रत्येक पेटी मी डोळे मिटून सांगेन. असो. उकरत नाही म्हणून उकरलंसच.

शेजारच्या बेट्टीच्या नातवाने असलाच एक अभ्यासक्रम घेतलाय. त्यात म्हणे थांबण्याची पाटी दिसली की चाकं पुरती थांबवायची, मनात तीनपर्यंत मोजायचं, मग निघायचं. जिथे पुढच्या परगण्यातली पाण्याची टाकी दिसते तिथे! समोर कोंबडीसुद्धा नसताना! शहाणी माणसं काय करतात? गाडी हळू करायची, उजवीकडे शेजारी बसलेल्याला विचारायचं की तुझ्या बाजूने मोकळं आहे का. तो मोकळं म्हणाला की निघायचं. हे कुठल्या घुबडाला माहीत असणार?

तुला घ्यायचाच असेल तर कुठलाही घे, सगळे सारखेच मूर्ख असतील. पण टॅलीला लबकला पाठवलीत तर मी तुझ्या आईशी, रोंडाशी, बोलणार नाही. शिवाय पोरीला येतं. मागच्या उन्हाळ्यात महिनाभर माझ्याकडे होती तेव्हा ती काय नुसती पीच सोलत होती?

मला विसरू नका, आणि पत्र एवढं नीटनेटकं लिहू नकोस, वकिलाचं वाटतं.

वर्ना आत्या


टर्नर्स वेल
१७ जून

ती. वर्ना आत्यास,
सा. न. वि. वि. नमस्कार मनापासून आहे, पुढचं मात्र रागाने लिहितोय.

अभ्यासक्रम घेतला. घुबडाचाच. प्रश्न इथल्या रस्त्यांचे आहेत आणि घड्याळ नाही, म्हणून. टॅलीला पहिल्या सगळ्या धड्यांत पूर्ण गुण मिळाले. मी इतका खूश झालो की शनिवारी अंगणातच पिकअपची किल्ली तिला दिली आणि म्हटलं, दाखव.

ती गेली ती उजव्या दाराकडे. मला वाटलं थट्टा करतेय. आत शिरली, उजवीकडेच बसली, डावा पाय मधल्या खोक्यावरून पलीकडे टाकून पेडलपर्यंत ताणला, डाव्या हाताने स्टिअरिंग धरलं, आणि मला म्हणाली की या गाडीत मध्ये हे खोकं कशाला, आत्याच्या गाडीत नसतं. मी म्हटलं, टॅली, चालवणारा डावीकडे बसतो. ती म्हणाली, ते संगणकात, खरी गाडी अशी चालवतात.

आत्या, तुझी ती जुनी टपालाची गाडी, सलग बाकासारख्या सीटची! टपालाच्या पेट्या रस्त्याच्या उजवीकडे असतात म्हणून तू उजवीकडून चालवायचीस, हे ठीक. पण पोरीला शिकवताना तरी योग्य जागी बसवायचंस! महिनाभर तिने ब्रेक डाव्या पायाने दाबला. मी तिला ओढून डावीकडे बसवली तर दोन्ही पाय एकदम चालू झाले आणि पिकअपने आईच्या टोमॅटोंवर उडी घेतली. आता ती विचारते की चूक नक्की कोण, आत्या की घुबड, आणि माझ्यावरच ओरडते की तुम्ही सगळे मला हसता.

हसलं कुणीच नाही, एक आई सोडून. ती ओसरीत उभी होती. टॅलीला त्या जागेवरून गाडी हलवताना पाहून आधी हसली, मग एकाएकी आत गेली. रात्रीच्या जेवणाला पुन्हा लबकचाच विषय.

मी थकलोय. तरी तुझ्या मायेवाचून आमचं भागत नाही, हे रागातही कबूल करतो.

कोल्बी


बक क्रीक
२१ जून

चि. कोल्बीस,
आशीर्वाद आहेत, तू मागितले नाहीस तरी.

ओरडलास तेवढं पुरे. त्या जागेवरून मी धुळीत, गारांत, बर्फात टपाल वाटलं. डावा पाय ब्रेकवर, डावा हात स्टिअरिंगवर, उजव्या हाताने पेटी उघड, बंद कर, पुढे. गाडीला कधी पोचा आला नाही. टॅलीला मी तसं शिकवलं कारण मला तसंच येतं. मला न येणारं मी तिला डावीकडे बसवून कसं शिकवणार होते?

आणि रोंडाला सांग, ती जागा हातात रुमाल धरून पाय जोडून बसायची नाही. तिथून सगळी गाडी चालते, मी आख्खा जन्म चालवली. माझी गाडी घेऊन जा. डोळे तपासणाऱ्या त्या पोरट्याच्या कृपेने ती शेडमध्ये पडूनच आहे. टॅलीला घुबड म्हणेल तिथे बसवा. रोंडाला उजवीकडे बसवा, डावा पाय पसरून ब्रेकजवळ ठेवायला सांगा. पोरगी चुकली तर दाब म्हणावं. एवढंही जमणार नसेल तर खुशाल लबकला पाठवा आणि माझी गाडीही तिकडेच विका.

येताना टोमॅटो आण, चिरडलेले चालतील. माया होती तेवढीच आहे, कमी केली नाही.

वर्ना आत्या


टर्नर्स वेल
६ जुलै

ती. वर्ना आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र पाठवावं की नाही, मला ठरवता येईना. आई म्हणाली पाठव, आणि काही गाळू नकोस.

तुझी गाडी आणली तेव्हा आई म्हणाली, वर्ना वेडी आहे. मग संध्याकाळी उभ्या गाडीत जाऊन उजवीकडे बसली. नुसती बसली. पाय पसरून ब्रेक दाबून पाहिला, सोडला, परत दाबला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी टॅलीला हाक मारली.

टॅलीला शिकाऊ परवाना मिळाला. पहिले काही दिवस आईने कावळ्यांसाठीसुद्धा ब्रेक मारले. टॅली म्हणाली की माझं नाक काचेला लागून चपटं होईल आणि परवान्यावरचा फोटो बदलावा लागेल. आई म्हणाली, बदलू. मी मागे बसून दोघींचं भांडण ऐकायचो आणि आत्या, खरं सांगतो, मला फार बरं वाटायचं.

काल आम्ही कापूसगिरणीच्या फाट्याकडे निघालो. आईनेच तो रस्ता सांगितला. बाबा त्याच फाट्यावर गेले, तेव्हापासून ती तिथून गेलेली नव्हती. मका तेव्हासारखाच पुरुषभर उंच. पाटी आली. टॅलीने गाडी हळू केली आणि तू शिकवलंस तसं, आपण सगळेच विचारतो तसं, सहज विचारलं की आई, तुझ्या बाजूने मोकळं आहे का.

आईने ब्रेक असा दाबला की मी पुढच्या सीटवर आपटलो. गाडी पाटीच्या अलीकडे जागच्या जागी थांबली. मागचा पिकअपवाला भोंगा वाजवत सुटला. आई उतरली, चालत त्याच्या खिडकीपाशी गेली आणि त्याला असं झाडलं की त्याने डोक्यावरची टोपी काढली. म्हणाली, माझी मुलगी थांबलीय, तिला हवं तेवढं ती थांबेल, घाई असेल तर शेतातून जा. तो खरंच मागे वळून दुसऱ्या रस्त्याने गेला.

मग ती आत येऊन बसली आणि समोर बघत बोलली. बाबांनी त्या दिवशी हेच विचारलं होतं. ती म्हणाली, मका आहे, दिसत नाही, थांब. बाबा हसले. तू नेहमीच घाबरतेस, असं म्हणाले आणि त्यांनी गाडी पुढे काढली. मोठ्या रस्त्यावर हॉब्सनचा पोरगा होता. पाटी आपल्या बाजूला होती. त्याने थांबायचं कारणच नव्हतं.

मी विचारलं की इतकी वर्षं का नाही सांगितलंस. ती चिडली. म्हणाली, कुणाला सांगणार होते? अंत्यविधीला सगळे म्हणत होते की तुझ्या बाबांची, डॅरेलची, काही चूक नव्हती, आणि वर्नाने माझा हात धरला होता. मी सांगितलं तेव्हा त्याने ऐकलं नाही, नंतर कोण ऐकणार होतं?

टॅली रडत होती. आईने तिला रडू दिलं. मग म्हणाली की या जागेवर बसलेल्या माणसाला हे पुन्हा विचारायचं नाही. थांबायचं, आपल्या डोळ्यांनी बघायचं, दिसलं नाही तर पुढे सरकून पुन्हा बघायचं. टॅलीने तसं केलं. रस्ता रिकामा होता. आम्ही ओलांडला.

लबकचा विषय आईने काढलेला नाही. घरी आल्यावर मला मात्र म्हणाली की तूही त्या पाटीला कधी थांबत नाहीस, मला माहीत आहे. उद्यापासून मागे बसून शीक.

आत्या, बाबा तुझा भाऊ होते. मला रागवायला कुणी सापडत नाहीये. तू आम्हाला टाकू नकोस, एवढंच मागतो.

कोल्बी


बक क्रीक
१२ जुलै

रोंडास,
आशीर्वाद शेवटी. आधी राग.

सहा वर्षं! माझ्या टेबलाशी बसून माझ्या हातचं खाल्लंस, मी हॉब्सनच्या पोराला देईन त्या शिव्या ऐकल्यास, आणि मीठ दे एवढंच म्हणालीस? मी त्याच्या घरचं टपाल वाटायचे तेव्हा त्याच्या आईने पेटीत माझ्यासाठी ठेवलेली बिस्किटं कुत्र्याला घातली मी. पोरगा एकोणीसचा होता. त्याने ट्रक सोडला, गाव सोडलं. मला वाटायचं, बरं झालं.

कोल्बीचं पत्र आलं त्या दिवशी मी डॅरेलवर इतकी ओरडले की बेट्टी कुंपणावरून डोकावली. त्याला उशीवर बसवून कुरणात पहिल्यांदा मीच शिकवलं होतं. मोकळं का म्हणून विचारायचं, हेही मीच. पण तू थांब म्हणाली होतीस आणि तो हसला, हे मला अजून गिळवत नाही. हसायला काय झालं होतं त्याला?

तुझाही राग आहे. तो जायला वेळ लागेल, घाई करू नकोस. टॅलीची परीक्षा होईपर्यंत गाडी तुमच्याकडेच राहू दे. परवाना मिळाला की ती तिचीच.

हॉब्सनच्या पोराचा पत्ता टपाल कचेरीतून मिळवला. त्याला पत्र लिहिलंय. काय लिहिलं ते तुला सांगत नाही, फार वाईट लिहिलंय, मला असली पत्रं लिहिता येत नाहीत. रविवारी जेवायला बोलावलं आहे. येईल असं नाही. मी असते तर आले नसते.

तुम्ही मात्र या. कोंबडी तळते, गोडाला पीचचा कॉबलर करते. टॅलीला चालवू दे, तू तिच्या शेजारी बस, आणि फाट्यावर थांबा. हवं तेवढं थांबा. जेवण मी झाकून ठेवीन.

आता आशीर्वाद. आणि रोंडा, मला सोडू नकोस.

तुझी,
वर्ना